हिशोबाच्या माणसांची साधना

(बेळगावातल्या व्यापारी मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय छापलाय तो असा : ‘कोट्यवधींच्या धंद्यावर लाथ मारून साधनेकडे वळलेले सत्यनारायण गोयंका’. छपाई देखणी आहे, पण वाक्य तपासणीला टिकत नाही. मी करसल्लागार. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या वह्या तपासण्यात गेलं, त्यामुळे समोरचा कितीही भारावून बोलत असला तरी माझा हात आधी व्हाउचरच्या फायलीकडे जातो. आणि लाथ मारल्याचं व्हाउचर या माणसाच्या आयुष्यात सापडत नाही. पुढे जगभर विपश्यना शिकवणारा हा माणूस १९५५ साली पहिल्यांदा त्या साधनेला, म्हणजे श्वास आणि अंगातल्या संवेदना नुसत्या बघत राहायच्या बुद्धाच्या ध्यानपद्धतीला, बसला. त्यानंतर चौदा वर्षं ते ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, रंगूनलाच होते आणि त्यातली पहिली आठेक वर्षं कारखाने, पेढी, व्यापारी मंडळाच्या बैठका, सगळं यथास्थित चालू होतं. पुढे कारखाने गेले, ते लष्करी सरकारने ताब्यात घेतले म्हणून. त्यांनी सोडले म्हणून नव्हे.

हे आयोजकांची चूक काढायला सांगत नाही. आपल्याकडे माणूस किती मोठा हे त्याने काय टाकलं त्यावर ठरतं. तुकोबांचं नाव काढलं की इंद्रायणीत बुडवलेली कर्जखतं आठवतात. त्याआधी त्याच माणसाने दुकान चालवलं, दुष्काळ सोसला, हे मागे पडतं. गोयंकांच्या गोष्टीतही लोकांनी ही लाथ घुसवली आणि ती गोष्ट तुमच्याआमच्यासाठी निरुपयोगी करून टाकली. कारण मग गणपत गल्लीतला दुकानदार म्हणतो, ‘छान आहे हो, पण आपल्याला कुठलं जमणार? मुलगा हाताखाली आला की बघू.’ मुलगा बंगळूरला नोकरीला लागतो आणि हे बघायचं राहून जातं. म्हणून आज मला ही गोष्ट जशी घडली तशी सांगायची आहे.

मंडाले म्हटलं की आपल्याला लोकमान्य आठवतात. १९०८ ते १९१४ ते तिथल्या तुरुंगात होते. ते सुटून आल्यावर दहा वर्षांनी, ३० जानेवारी १९२४ रोजी, त्याच मंडालेत एका मारवाडी घरात सत्यनारायण जन्मले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपल्या टिळकवाडीला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. त्याचा गोयंकांशी काडीचा संबंध नाही, पण बेळगावात १९२४ म्हणायचं आणि त्या अधिवेशनासाठी खणलेल्या काँग्रेस विहिरीचं नाव काढायचं नाही, तर घरी जाताना मला कुणीतरी अडवेल.

घर कट्टर सनातनी. पोरगा व्यापारात हुशार. तिशी गाठेपर्यंत रंगूनच्या मारवाडी व्यापाऱ्यांमध्ये त्यांचं नाव पुढे होतं; कारखाने होते, संस्थांची पदं होती. संतापही तसाच मोठा होता, हे ते स्वतःच प्रवचनांत सांगत. आणि होती अर्धशिशी. झटका आला की मॉर्फिनचं इंजेक्शन घ्यावं लागे. पुढे डॉक्टरांनाच भीती वाटू लागली की दुखणं राहील बाजूला आणि माणूस मॉर्फिनच्या आहारी जाईल. पैसा होता, म्हणून युरोप, अमेरिका, जपान असे सगळीकडचे डॉक्टर झाले. गुण आला नाही. शेवटी एका मित्राने सुचवलं की इथे रंगूनमध्येच ऊ बा खिन म्हणून एक गृहस्थ साधना शिकवतात, त्यांना एकदा भेटून तर या.

आता या ऊ बा खिन यांच्यापाशी मी थोडा जास्त रेंगाळणार आहे. माझ्या मते या गोष्टीतलं खरं पात्र तेच. आणि दुसरं म्हणजे, आमच्या व्यवसायातला माणूस इतका थोर निघण्याचे प्रसंग फार येत नाहीत.

जन्म १८९९चा, घर गरिबीचं. शाळेत हुशार असूनही शिक्षण सोडून नोकरी धरावी लागली. १९१७च्या सुमाराला रंगूनच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत साधा कारकून म्हणून चिकटले. तिथून एकेक पायरी चढत गेले आणि जानेवारी १९४८मध्ये ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हा त्या देशाचे पहिले अकाउंटंट जनरल झाले. देशाच्या तिजोरीचा हिशोब तपासणारा सगळ्यात वरचा अधिकारी! १९५० साली त्यांनी आपल्याच कचेरीत विपश्यनेचं मंडळ काढलं. हाताखालचे कारकून, लेखनिक, अधिकारी तिथे साधना शिकू लागले. १९५२मध्ये श्वेडगॉन पॅगोड्याजवळच्या, म्हणजे रंगूनच्या प्रसिद्ध स्तूपाजवळच्या, एका टेकाडावर साधना केंद्र उभं राहिलं. पण नोकरी? ती चालूच होती. कधी कधी तर एकाच वेळी तीन-चार खात्यांचा कारभार त्यांच्याकडे असायचा. निवृत्तीचं वय होऊन गेलं तरी सरकार सोडेना. १९६०चं दशक निम्मं उलटून गेल्यावर ते एकदाचे मोकळे झाले.

सरकारी खात्यात वरिष्ठ ध्यानाला बसायला लागला की काय होतं, ते आपण जाणतो. सगळी कचेरी डोळे मिटून बसते आणि पदोन्नतीची यादी लागली की उघडते. रंगूनमध्येही असे चार जण असणारच. पण लाच खाणाऱ्यांना ऊ बा खिन यांचा धाक होता, हे त्या काळच्या लोकांनी नोंदवून ठेवलंय. जिथे कारभार सडला होता अशा ठिकाणी मुद्दाम त्यांना पाठवलं जाई. म्हणजे साधनेमुळे हिशोबाकडे दुर्लक्ष झालं, असं तिथे घडलं नाही.

त्यांचेही गुरू होते. सया तेतजी. जन्म १८७३, रंगूनजवळच्या एका खेड्यात. चौदाव्या वर्षी बैलगाडी हाकायला लागले, पुढे तांदळाच्या गिरणीत पोत्यांची मोजणी करायच्या कामावर राहिले. नंतर कॉलऱ्याच्या साथीत घरातली लेकरं गेली, तेव्हा बायकोचा निरोप घेऊन मनाला शांत करणारं काही मिळतं का ते शोधत फिरले. पुष्कळ वर्षांनी परत आले ते पुन्हा शेतावरच, आणि तिथेच शिकवू लागले. त्यांना शिकवण्याची आज्ञा दिली ती लेडी सयाडो या मोठ्या विद्वान भिक्षूने. चिवर घातलेल्या भिक्षूने धोतर-लुंगीतल्या संसारी माणसाला आचार्य म्हणून पुढे करणं, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

आता ही गुरुशिष्यांची ओळ बघा : गिरणीत पोती मोजणारा, देशाची तिजोरी तपासणारा आणि मग कारखानदार व्यापारी. तिघेही हिशोबाचे आणि तिघेही संसारी. आपल्या सीमाभागात तर हे समजायला अवघड जाऊ नये. कल्याणला बिज्जळाच्या दरबारात बसवण्णा काय होते? भंडारी. खजिन्याचे अधिकारी. पलीकडच्या गल्लीत ‘कायकवे कैलास’, म्हणजे काम हाच कैलास, असं लिहिलेल्या पाट्या आपण रोज बघतो, पण आपली मराठी मंडळी त्या कन्नडमध्ये आहेत म्हणून वाचत नाहीत.

तर गोयंका ऊ बा खिन यांच्याकडे गेले. कशासाठी आलात? अर्धशिशीसाठी. त्यावर गुरुजींनी चक्क नकार दिला. डोकेदुखीच्या इलाजासाठी येणार असाल तर येऊ नका. मनाचे विकार काढायचे असतील तर या, त्यात डोकं थांबलं तर थांबलं. विचार करा, शहरातला एवढा मोठा शेठ दारात आलाय, उद्या केंद्राला देणगी देऊ शकेल, आणि हा सरकारी अधिकारी त्याला म्हणतो की तुमचं कारण बरोबर नाही. गोयंका परत गेले. काही महिने घुटमळले. बौद्धांच्या नादी लागून आपण धर्मभ्रष्ट होऊ, ही भीती होतीच. ऊ बा खिन यांनी विचारलं की शीलाने वागायला, मन एकाग्र करायला आणि शहाणपण मिळवायला तुमच्या धर्माची हरकत आहे का? याला नाही म्हणणार कोण! १ सप्टेंबर १९५५ रोजी ते पहिल्या दहा दिवसांच्या शिबिराला बसले. दुसऱ्या दिवशी पळून जावंसं वाटलं. राहिले.

अर्धशिशी गेली, तिच्याबरोबर मॉर्फिनही गेलं. पण ते कारखाना बंद करून टेकाडावर राहायला गेले नाहीत. सकाळ-संध्याकाळ साधना, मधे धंदा, असं चाललं.

मग २ मार्च १९६२ उजाडला. जनरल ने विन यांनी सत्ता घेतली. पुढच्या दोन वर्षांत बँका, कारखाने, घाऊक व्यापार, अगदी दुकानंसुद्धा सरकारजमा झाली. १९६४मध्ये पन्नास आणि शंभर क्याटच्या नोटा रद्द केल्या. आपण नोटाबंदी पाहिली आहे, त्यामुळे फार वर्णन करत नाही. फरक एवढाच की तिथल्या हिंदी माणसाला पुढच्या महिन्यात दुकानही उरलं नव्हतं. लाखो भारतीय बोटीत बसून मद्रास, कलकत्त्याला उतरले. पिढ्यान्‌पिढ्यांचे सावकार हातात ट्रंक घेऊन निघाले. गोयंकांचंही सगळं गेलं. या काळाबद्दल ते नंतर सांगत की डोक्यावरचा भार उतरला, साधनेला आणि गुरुजींच्या सहवासाला भरपूर वेळ मिळाला. मला वाटतं, त्यांच्या आयुष्यातली खरी परीक्षा ही होती. स्वतःहून सोडणाऱ्याच्या हातात निदान मुहूर्त असतो. दुसऱ्याने हिसकावून घेतलं तेव्हा रात्री झोप लागली का, हा प्रश्न जास्त कठीण, आणि आपल्यापैकी ज्याच्या गाळ्याला कधी सील लागलंय त्याला तो कळेल.

१९६९मध्ये ते भारतात आले, तेही मूळचं कारण आईचं आजारपण. आईवडील मुंबईत होते. ब्रह्मदेशाचा नागरिक सहजासहजी देशाबाहेर पडू शकत नव्हता. पासपोर्ट मिळाला तो एवढ्याचसाठी. निघण्याआधी ऊ बा खिन यांनी त्यांना शिकवण्याचा अधिकार दिला. ब्रह्मदेशावर भारताचं ऋण आहे, बुद्धाची विद्या भारतातून ब्रह्मदेशात आली आणि भारतात नाहीशी झाली, ती परत नेऊन द्यायची, असं गुरुजींचं म्हणणं. हिशोबनीसच शेवटी; देणं लक्षात होतं. जुलै १९६९मध्ये मुंबईच्या एका धर्मशाळेत पहिलं शिबिर झालं. चौदा माणसं. त्यात आई आणि वडील.

पुढचं बरंचसं तुम्हाला ठाऊक असेल. १९७६पासून इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र. १९७९मध्ये फ्रान्सपासून पाश्चात्त्य देशांत शिबिरं सुरू झाली. १९९४ साली तिहार तुरुंगात हजारावर कैदी एका वेळी बसले. किरण बेदी तेव्हा तिथल्या प्रमुख होत्या. २००० साली संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात धर्मगुरूंच्या परिषदेत भाषण. २००९मध्ये मुंबईत गोराईला ध्यानासाठी बांधलेला तो खांब नसलेला प्रचंड घुमट. २०१२मध्ये पद्मभूषण आणि २९ सप्टेंबर २०१३ रोजी मुंबईत निधन. घर सोडलं का? तेही नाही. पत्नी इलायचीदेवी शिबिरांत त्यांच्या शेजारच्या आसनावर बसत, सहा मुलगे. आता मी या सनावळीतून बाहेर येतो, कारण मला बोलायचंय पैशाबद्दल.

या शिबिरांना शुल्क नाही. राहणं, जेवण, शिकवणं, कशालाच नाही. तुम्ही म्हणाल, मठातही प्रसाद फुकट असतो. थांबा. इथे उलटा नियम आहे : ज्याने एकही शिबिर पूर्ण केलेलं नाही, त्याच्याकडून केंद्र देणगीच घेत नाही. तुम्ही आल्या आल्या लाखाचा चेक काढलात तरी तो परत तुमच्या खिशात जातो. दहा दिवस पूर्ण करा, काही मिळालं असं वाटलं तर पुढच्यासाठी द्या. म्हणजे तुमचं जेवण कुणीतरी आधीच भरलेलं आहे, आणि तो कोण ते तुम्हाला कळत नाही. शिकवणारे सहायक आचार्य मानधन घेत नाहीत. त्यांनी पोटापाण्याचं स्वतः बघायचं. स्वयंपाकघरात भाजी चिरणाराही जुना साधक, रजा काढून आलेला.

धंदेवाल्याच्या नजरेने बघा. मागणी प्रचंड, माल उत्तम, शाखा जगभर, आणि किंमत लावायची नाही! गोयंकांना किंमत लावता येत नव्हती असं नाही. रंगूनच्या बाजारात तोच त्यांचा उद्योग होता. त्यांनी व्यापारातलं सगळं इकडे आणलं : शिस्त, वेळापत्रक, सगळीकडे एकसारखा माल, नोंदी, माणसं तयार करणं. १९८०च्या दशकापासून सूचना आणि प्रवचनं ध्वनिमुद्रित करून ठेवली, म्हणून आज इगतपुरीला बसा की आळत्याला, शब्द तेच, क्रम तोच. फक्त गल्ला तेवढा आणला नाही. मला विचाराल तर त्यांनी सोडलं ते एवढंच, आणि ते कुणा लष्कराने सोडायला लावलेलं नव्हतं.

या एकसारखेपणाचा त्रासही होतो, हे सांगायला हवं. गुरू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हॉलमध्ये आवाज त्यांचाच. समोर बसलेले आचार्य बहुतेक वेळ बटण दाबायला असल्यासारखे वाटतात. प्रश्न विचारला की उत्तर मोजकं येतं. माझ्यासारख्या वाद घालणाऱ्या माणसाला ते जड जातं. पण आपल्याकडे गुरू गेल्यावर शिष्यांत गादीवरून जे कोर्टकज्जे होतात, त्यांची कागदपत्रं मी पाहिली आहेत. त्यापेक्षा कॅसेट परवडली.

आळतं म्हणालो, ते हातकणंगले तालुक्यातलं. रामलिंगच्या बाजूला ‘धम्म आलय’ नावाचं केंद्र आहे. बेळगाव, निपाणी, खानापूरची आपली बरीच मंडळी तिथे जातात. पहिल्या संध्याकाळी मोबाइल, पाकीट, पुस्तक, वही-पेन सगळं जमा. मौन सुरू. नुसतं तोंडाचं नाही, खाणाखुणाही बंद. पहाटे चारला घंटा. साडेचारला हॉलमध्ये. अकराला जेवण, संध्याकाळी पाचला नवीन लोकांना फळ आणि चहा, रात्रीचं जेवण नाही. साडेतीन दिवस फक्त श्वास बघायचा. नाकाच्या दाराशी येतो कसा, जातो कसा. चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत अंगातली प्रत्येक संवेदना. तेव्हापासून रोज तीन वेळा तासभर हात, पाय, डोळे न हलवता बसायचं. त्या तासात गुडघा हा सगळ्यात मोठा अवयव आहे असं लक्षात येतं.

शहापूरचे एक सराफ माझे जुने अशील. नाव सांगत नाही, ते या सभागृहातही असू शकतील. ते परत आल्यावर म्हणाले, ‘श्वास कुठला दिसतोय! तीन दिवस मला उधारीची वहीच दिसत होती. कारदग्याच्या गिऱ्हाइकाने पाटल्यांचे पैसे कधी द्यायचे कबूल केले होते, ती तारीख, तो वार, त्या दिवशी पडत असलेला पाऊससुद्धा.’ पाचव्या दिवशी एका भिंतीवरून भावाशी झालेलं भांडण वर आलं आणि छातीत गरम शेगडी ठेवल्यासारखं वाटलं. सूचना एकच : बघा, चिडू नका, हे बदलणारं आहे. तासाभरात ती शेगडी गेली. वाद मात्र कोर्टात आहे तिथेच आहे. मी त्यांच्या कारागिराला हळूच विचारलं, मालकांत काही फरक? तो म्हणाला, ‘हाय की. आता शिव्या द्यायच्या आधी तांब्याभर पानी पितात बघा.’

दहाव्या दिवशी सकाळी मौन सुटतं. तेव्हा कळतं की आपल्या डावीकडे बसणारा गोकाकचा आहे, उजवीकडचा चिकोडीचा, आणि मागे खोकणारा येळ्ळूरचा. तोवर सीमाप्रश्न स्थगित असतो. सुटल्यावर एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलायचं यावर जरा अडखळतात आणि मग आपलं नेहमीचं सुरू होतं : अर्धं कन्नड, अर्धं मराठी, मधे हिंदी.

आता दोन अडचणीच्या गोष्टी. टाळून पुढे गेलो असतो, पण इथे निपाणीची मंडळी बसली आहेत.

पहिली. बुद्धाने उपासकांना पाच व्यापार करू नयेत असं सांगितलंय : शस्त्रांचा, जिवंत माणसा-प्राण्यांचा, मांसाचा, नशेच्या पदार्थांचा आणि विषाचा. शिबिरातही तंबाखू चालत नाही. मग निपाणीच्या तंबाखूच्या वखारवाल्याने काय करायचं? ज्या गावाने १९८१ साली तंबाखूला भाव मिळावा म्हणून रस्त्यावर ठाण मांडलं, जिथे घराघरांत बायका सुपात पानं घेऊन विड्या वळत संसार चालवत आल्या, तिथे हा प्रश्न पुस्तकी नाही. एका वखारवाल्याने मला तो विचारला होता. मी म्हटलं, साधनेला बसा आणि प्रश्न घेऊनच बसा. कुणी तुम्हाला दारात अडवणार नाही. पण तुमच्यासाठी उत्तर सोपं करून देणं हेही माझं काम नाही. तंबाखू दाताखाली धरणाऱ्याचा कॅन्सर आणि विडी वळणारीची रोजची मजुरी, दोन्ही एकाच वखारीतून निघतात. ‘धंदा सोडू नका’ हे मी सरसकट म्हणत नाहीये, हेही यातून लक्षात घ्या. काही धंदे सोडण्याजोगे असतात, आणि त्यातला मजूर कुठे जाईल याची तजवीज न करता सोडणं हीसुद्धा एक पळवाटच.

दुसरी अडचण मोठी आहे. बाबासाहेब निपाणीला आले होते, १९२५ साली, बहिष्कृत परिषदेचे अध्यक्ष म्हणून. डिसेंबर १९५४मध्ये ते रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेला गेले. गोयंका तेव्हा त्याच शहरात होते, अर्धशिशीने हैराण, साधनेपासून नऊ महिने दूर. दोघांच्या वाटा बुद्धाकडेच गेल्या पण निराळ्या दारांनी. आमचे आंबेडकरवादी मित्र विचारतात, ‘डोळे मिटून बसल्याने जात जाते का? पाणवठ्यावर अडवणारा माणूस मनातून शांत झाला, तर आम्हाला पाणी मिळतं का?’ हा प्रश्न मला रास्त वाटतो. गोयंकांनी जातीवर प्रवचनांत टीका केली, हॉलमध्ये आणि पंगतीत सगळ्यांना एका रांगेत बसवलं. पण सामाजिक लढा हे त्यांचं काम नव्हतं आणि त्यांनी ते आहे असं सांगितलंही नाही. ‘हा धर्म नाही, ही विद्या आहे, कुणीही या’ या त्यांच्या भूमिकेमुळे आपल्याकडचे सनातनी, जैन, लिंगायत, मुसलमान, सगळे येऊ शकले. त्याच भूमिकेमुळे १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात ज्यांनी विचारपूर्वक धर्म बदलला, त्यांना वाटतं की आमच्या बुद्धाचं टोक बोथट केलंय. दोन्ही खरं आहे. पाणवठ्याचा प्रश्न आळत्याला सुटणार नाही. तो गावात सोडवायचा, आणि साधना केलेल्या व्यापाऱ्याने त्या बैठकीला गैरहजर राहू नये एवढं मात्र मी हक्काने म्हणेन, कारण गावच्या देवळाचा आणि विहिरीचा कारभार बहुतेक ठिकाणी तुमच्याच हातात असतो.

शेवटी व्यवहाराचं. जायचं असेल तर अर्ज आधी करा, जागा लवकर भरतात. अर्जात मानसिक आजाराबद्दल, चालू गोळ्यांबद्दल विचारतात. ते खरं लिहा. दहा दिवस इतक्या तासांची साधना ही काही विश्रांती नाही, आणि ज्याला गंभीर मानसिक त्रास आहे त्याला ती बाधू शकते. गोळ्या परस्पर बंद करून जाऊ नका. अर्धशिशीवाल्यांनी तर आधी डॉक्टर गाठावा; ऊ बा खिन यांनीही तेवढ्यासाठी घेतलं नसतंच. दिवाळी, गुढीपाडवा, लग्नसराई, जीएसटीच्या तारखा बघून दिवस धरा. मधे सुटून यायची सोय नाही आणि तिथे फोन मिळत नाही. दुकानाच्या किल्ल्या, चेकबुकावरच्या सह्या, कारागिरांचा शनिवारचा पगार, हे कुणाकडे सोपवलंय ते घरात स्पष्ट सांगून ठेवा. माझे एक अशील बायकोला ‘कोल्हापूरला जाऊन येतो’ एवढंच सांगून गेले होते. तिसऱ्या दिवशी घरची मंडळी केंद्राच्या फाटकावर हजर!

आणि दहाव्या दिवशी देणगीच्या टेबलापाशी गेल्यावर ‘साधारण किती देतात?’ असं विचारू नका. सगळे बेळगावकर विचारतात. टेबलावरचा माणूस आकडा सांगत नाही. तो पावतीपुस्तक पुढे करतो, नाव विचारतो आणि पेन तुमच्या हातात देऊन थांबतो.

मी इथे थांबतो. प्रश्न असतील तर विचारा, आयकराचे सोडून.